एअर विंगचा गणवेश आणि दोन पट्ट्या

परेडच्या दिवशी आपले एन.सी.सी.चे सर रांगेतून सावकाश फिरायचे आणि समोर येऊन थांबले की पोटात गोळा यायचा, हे एअर विंगमधल्या माझ्या मित्रांना नक्की आठवत असेल. बेरे टोपी उजवीकडे ओढलेली, बिल्ला बरोबर डाव्या डोळ्याच्या वर, नावाची पट्टी उजव्या खिशावर, बकल ब्रासोने घासलेलं, बुटांना आरशासारखं पॉलिश. यात सुताएवढा फरक सरांना चालत नसे. आम्हाला ओढ होती विमानांची. या टाचण्या-टाक्यांचा आकाशाशी काय संबंध, असं वाटायचं. तो संबंध मला पुढे वाचनातून कळला. त्याआधी मात्र तो एका फजितीतून शिकलो होतो.

आधी इतिहास. पहिल्या महायुद्धात ब्रिटनची हवाई दलं दोन होती, एक लष्कराचं आणि एक नौदलाचं. १ एप्रिल १९१८ रोजी ती एकत्र करून रॉयल एअर फोर्स उभं राहिलं. दोन घरची माणसं एका घरात आली की रीतभात कोणाची, हा प्रश्न येतोच. लष्कराची खाकी आणि नौदलाचा गडद निळा, दोन्ही बाजूला ठेवून १९१९ साली निळसर करडा रंग ठरला. हुद्द्याच्या खुणा मात्र दोन्हीकडून आल्या. अधिकाऱ्यांच्या बाहीवरची आडवी वलयं नौदलाच्या धर्तीची, तर कॉर्पोरलच्या दोन आणि सार्जंटच्या तीन टोकदार पट्ट्या लष्कराच्या. माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. समोरच्याची जबाबदारी काय, कोणाचा शब्द मानायचा, हे बाहीकडे बघून कळत असे.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि पहिलं स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला उभं राहिलं. हुद्दे आणि त्यांच्या खुणा ब्रिटिश हवाई दलाच्याच होत्या. १९५० साली देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा नावातलं 'रॉयल' गेलं आणि बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कॉर्पोरलच्या दोन पट्ट्या मात्र दोनच राहिल्या.

त्याच वर्षी आपली एअर विंग जन्मली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ साली कायदा होऊन एन.सी.सी. सुरू झाली होती. १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता इथे एकेक एअर स्क्वाड्रन काढून तिची हवाई शाखा सुरू झाली. एन.सी.सी.च्या झेंड्यातला तांबडा रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा आपला.

आता फजिती. आमच्या वेळी गणवेश युनिटच्या स्टोअरमधून मिळायचा आणि शेवटी परत करावा लागायचा. म्हणजे अंगावरचा शर्ट आधी कोणीतरी घातलेला असायचाच. माझ्या शर्टाची बाही विटलेली होती, पण तिच्यावर दोन पट्ट्यांच्या आकाराची जागा मूळ रंगाची राहिली होती. आधीचा मुलगा कॉर्पोरल होता, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी माझं नाव कॉर्पोरलसाठी वर पाठवल्याचं कानावर आलं. मी त्याच दिवशी पट्ट्या विकत आणल्या. आईने त्या त्या जागेवर अशा बेतात शिवल्या, की जणू शर्ट त्यांचीच वाट बघत होता. पुढच्या परेडला मी लवकर पोचलो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा लेस न बांधता आला होता. मी त्याला दरडावून मैदानाची फेरी मारायला लावली. तो निमूटपणे पळाला. पट्ट्या दिसत होत्या ना!

तपासणीत सर माझ्यासमोर थांबले. "ऑर्डर आली?"

"येणार आहे, सर."

"मग पट्ट्या पण तेव्हाच येऊ देत."

त्यांनी कार्यालयातून ब्लेड मागवलं. बाकीचे परेड करत असताना मी पायरीवर बसून आईचे टाके एकेक करून उसवले. मान खाली होती. पण खरी शिक्षा पुढे होती. सरांना फेरीबद्दल कळलं होतं. ते म्हणाले, "ज्या अधिकाराने त्याला पळवलंस, तो तुझ्याकडे नव्हताच. जाऊन त्याची माफी माग." मी मागितली. त्या मुलालाच माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटला.

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. आईने पुन्हा पट्ट्या शिवल्या, त्याच जागी. या वेळी त्यांच्यामागे युनिटच्या कागदावर माझं नाव होतं. बिल्ला नीट लावणं म्हणजे सरळ लावणं, एवढंच मी समजत होतो. आपण जे नाही ते अंगावर न मिरवणं ही त्यातली पहिली गोष्ट. समोरचा माणूस आपल्याला न विचारता बाहीवर विश्वास ठेवतो, म्हणून.

'ए' सर्टिफिकेटची परीक्षा झाल्यावर गणवेश परत करताना मी पट्ट्या स्वतः उसवल्या. खालची जागा अजून तशीच होती.

सर या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. तो पहिल्या वर्षाचा मुलगाही येणार असेल, तर त्याने मला जरूर भेटावं. चहा माझ्याकडून.