बंद पडलेली फायरवॉल आणि दोन रुपयांचा रेझिस्टर

समजा, एखाद्या छोट्या पतसंस्थेच्या कार्यालयात रात्री वीज गेली. यूपीएसने तासभर तग धरला आणि मग त्यानेही मान टाकली. सकाळी वीज आली, संगणक सुरू झाले, पण इंटरनेट नाही आणि मुख्य शाखेशी संपर्कही नाही. कोपऱ्यातल्या रॅकवरच्या फायरवॉलचा पॉवरचा दिवा लागला आहे, पण त्यापुढे काहीच हलत नाही. कालपर्यंत हेच खोके पाच-सहा वर्षे न कुरकुरता चालत होते. ‘लाइट गेल्या-आल्यामुळे जळाले असणार’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

बऱ्याचदा ते विजेमुळे जळलेले नसते. आतला एक भाग महिनोन्‌महिने हळूहळू थकत आलेला असतो. खोके चालू आहे तोवर त्याचे कसेबसे निभते, पण एकदा बंद करून पुन्हा सुरू करायची वेळ आली की तो उठत नाही. वीज जाणे हे फक्त निमित्त ठरते. अशा फायरवॉलचा बोर्ड दुरुस्त होतो का, आणि होत असेल तर ती परत कामाला लावावी का, हे इथे पाहू. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

फायरवॉल नावाचे हे खोके करते काय?

कार्यालयाचे नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसलेला हा पहारेकरी. कोणी आत यायचे, आतल्याने बाहेर कुठे जायचे, शाखेतून मुख्य कार्यालयात जाणारी माहिती कोणत्या बंदिस्त वाटेने (व्हीपीएन) न्यायची, हे सगळे नियम त्याच्या पोटात असतात. बाहेरून ते साध्या राउटरसारखे दिसते. आत मात्र तो एक छोटा संगणकच आहे: प्रोसेसर, मेमरी, साठवण आणि हे सगळे ज्यावर बसवले आहे तो सर्किट बोर्ड.

२०१७ सालचा गाजलेला बिघाड

फायरवॉलच्या बोर्डांबद्दल बोलताना एक प्रकरण टाळता येत नाही. २ फेब्रुवारी २०१७ रोजी सिस्को कंपनीने जाहीर केले की तिच्या काही उपकरणांत एका पुरवठादाराकडून आलेला ‘क्लॉक सिग्नल’चा भाग सदोष आहे. उपकरणे सध्या नीट चालत असली, तरी साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर ती बंद पडण्याचे प्रमाण वाढत जाईल. आणि एकदा तो भाग गेला की उपकरण सुरूच होणार नाही. यादीत एएसए ५५०६-एक्स, ५५०८-एक्स आणि ५५१६-एक्स या फायरवॉल होत्या, आयएसआर ४३३१ सारखे राउटर होते आणि मेराकी एमएक्स८४ सुद्धा होती.

सिस्कोने पुरवठादाराचे नाव घेतले नाही. पण त्याच सुमारास इंटेलने आपल्या अ‍ॅटम सी२००० या प्रोसेसर मालिकेच्या चुकांच्या यादीत ‘एव्हीआर५४’ नावाची एक नोंद घातली होती, आणि दोन्हींचे वर्णन तंतोतंत जुळत होते. ही चिप २०१३ पासून बाजारात होती. कमी वीज खाणारी, फारशी न तापणारी, म्हणून नेटवर्कच्या उपकरणांसाठी सोयीची. त्यामुळे ती फक्त सिस्कोपुरती राहिली नाही. सिनॉलॉजीची डीएस४१५+, डीएस१५१५+, डीएस१८१५+ ही साठवण यंत्रे आणि नेटगेटच्या काही फायरवॉल यांच्यातही तीच होती. पुढे इंटेलने चिपच्या नव्या आवृत्तीत दोष काढून टाकला. पण आधी विकलेली खोकी जिथे होती तिथेच राहिली.

वॉरंटीत किंवा सेवा करारात असलेल्यांना सिस्कोने उपकरण बदलून दिले. प्रश्न उरला तो करार न करणाऱ्यांचा, आणि जुने खोके दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्यांचा. आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत हे दोन्ही प्रकार किती सर्रास असतात हे सांगायला नको.

‘घड्याळ’ बंद पडले म्हणजे काय झाले?

इथले घड्याळ वेळ दाखवणारे नव्हे. बोर्डवरच्या चिप एकमेकींशी बोलतात तेव्हा त्यांना एक ठेका लागतो. लेझीम पथकात ढोल देतो तसा. हा ठेका म्हणजे सेकंदाला काही कोटी वेळा वर-खाली होणारा विजेचा दाब. सी२००० चिपमधून असा एक ठेका ‘एलपीसी’ नावाच्या मार्गावर बाहेर पडतो. प्रोसेसरला सिरियल पोर्ट, सुरक्षेची चिप, यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रामची चिप अशा संथ भागांशी जोडणारा हा जुना मार्ग आहे. नेमके काय जोडायचे हे बोर्ड बनवणारा ठरवतो.

दोषी चिपमध्ये हा ठेका बाहेर ढकलणारा भाग वापराने झिजतो. सिग्नल जेवढा उंच जायला हवा तेवढा जात नाही, आणि एके दिवशी समोरच्या चिपला तो ऐकूच येत नाही. ठेका नाही म्हणून पहिले पाऊल नाही, आणि यंत्र जागे होत नाही. बाकी सगळा बोर्ड धडधाकट असतो.

म्हणूनच यूट्यूबवरचा ‘बोर्ड ओव्हनमध्ये भाजा’ हा उपाय इथे कामाचा नाही. तो सुटलेल्या सोल्डरच्या सांध्यांसाठी म्हणून सांगतात, आणि तिथेही तो बेभरवशाचाच. इथे दोष चिपच्या पोटात आहे. भाजल्याने एवढेच होईल की दुरुस्त होण्यासारखा बोर्डही हातचा जाईल.

उघडण्याआधी काय तपासायचे?

सर्वात आधी वीज. एएसए ५५०६-एक्सला बाहेरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. जुना अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना मीटरवर १२ दाखवतो आणि भार पडला की बसतो. त्यामुळे तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, नीट बसणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे ही पहिली चाचणी. बोर्ड गेला म्हणून दुरुस्तीला आणलेल्या कितीतरी वस्तूंत दोष निघतो तो पुरवठ्यात. ५५०८-एक्स आणि ५५१६-एक्समध्ये पुरवठा खोक्याच्या आतच असतो. तिथे प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज उरलेली असते, तेव्हा ज्याला याची सवय नाही त्याने ते झाकण उघडू नये.

दुसरी चाचणी कन्सोलची. फायरवॉलच्या कन्सोल पोर्टला केबल लावायची, लॅपटॉपवर टर्मिनलचा वेग ९६०० ठेवायचा आणि वीज द्यायची. अक्षरे उमटली, मग ती चुकांची का असेनात, तर प्रोसेसर जिवंत आहे. दोष बहुधा साठवणुकीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा चढवता येते. पुरवठा नीट, दिवा लागलेला, आणि तरीही पडद्यावर एक अक्षर नाही, तर मात्र संशय या घड्याळावर जातो. (फक्त तारीख मागे जात असेल आणि व्हीपीएन प्रमाणपत्राची तक्रार करत असेल तर ते हे दुखणे नव्हे. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याची शक्यता जास्त.)

आणि मग तो रेझिस्टर

कंपनीने ‘सुरू होणार नाही’ म्हटलेली यंत्रे हौशी आणि धंदेवाईक दुरुस्तीवाल्यांनी सुरू करून दाखवली. सिनॉलॉजीच्या यंत्रांवर हा उपाय सर्वात जास्त केला गेला. कल्पना साधी आहे. थकलेला भाग सिग्नल वर उचलू शकत नाही ना, मग त्याला बाहेरून हात द्यायचा. ठेक्याची तार आणि बोर्डवरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा यांच्यामध्ये साधारण १०० ओहमचा रेझिस्टर जोडायचा. आता सिग्नल वर खेचण्याचे काम तो करतो; चिपने फक्त खाली ओढायचे.

थोडे गणित करू. तार खाली असताना रेझिस्टरमधून ३.३ भागिले १००, म्हणजे ३३ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि त्यात सुमारे ०.११ वॅट खर्च होतात. पाव वॅटचा साधा रेझिस्टर पुरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो रुपया-दोन रुपयांना मिळेल. पण हे ३३ मिलिअँपिअर दर ठेक्याला त्या थकलेल्या चिपलाच जिरवावे लागतात. म्हणून ही कुबडी आहे, पाय बरा झालेला नाही. ती किती दिवस चालेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

अवघड भाग आहे तो जागा शोधण्याचा. एका मॉडेलचे पिन क्रमांक दुसऱ्याला चालत नाहीत, आणि एक पिन चुकली तर ३.३ व्होल्ट भलत्याच चिपच्या तोंडात जातात. ऑसिलोस्कोप असेल तर तारेवरचा ठेका थेट दिसतो. नुसत्या मल्टिमीटरवर निरोगी ठेका साधारण निम्म्या दाबाचा, म्हणजे दीड व्होल्टच्या आसपास दिसतो. गळालेला ठेका त्याच्या बराच खाली. मोबाइल दुरुस्त करणारा, सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डर करणारा कुशल कारागीर हे काम करू शकतो. घरच्या जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने हा प्रयोग करू नका.

सुरू झाली! आता लगेच करायची गोष्ट

तिला परत रॅकवर चढवायच्या आधी तिच्या पोटातले नियम बाहेर काढा. माझ्या मते या दुरुस्तीचा खरा मोबदला हाच आहे. दहा वर्षांत कोणी कोणी घातलेले नियम, शाखांच्या व्हीपीएनच्या गुप्त किल्ल्या, हे अनेक ठिकाणी दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. ते हरवले तर नवी फायरवॉल आणूनही दोन-तीन दिवस चाचपडण्यात जातात.

इथे एक खाच आहे. एएसएवर नेहमीची ‘शो रनिंग-कॉन्फिग’ आज्ञा दिली की व्हीपीएनच्या किल्ल्यांच्या जागी नुसते तारे दिसतात. ती प्रत जपून ठेवणाऱ्याला ऐनवेळी कळते की किल्ल्या त्यात नाहीतच. त्यासाठी ‘मोअर सिस्टम:रनिंग-कॉन्फिग’ ही आज्ञा लागते. प्रमाणपत्रे आणि त्यांच्या खासगी किल्ल्या यांची प्रत वेगळी काढावी लागते. ज्यांची जुनी फायरवॉल अजून चालू आहे त्यांनी हे काम आजच करावे, आणि ते होईपर्यंत तिला रीस्टार्ट करू नये. ‘शो व्हर्जन’ या आज्ञेत प्रोसेसर म्हणून अ‍ॅटम सी२००० दिसला तर जास्तच घाई करा.

मग तीच वापरत राहिली तर काय बिघडले?

बोर्ड जिवंत झाला तरी सॉफ्टवेअर म्हातारेच राहते. ५५०६-एक्स, ५५०८-एक्स आणि ५५१६-एक्स यांना मिळणारी एएसए सॉफ्टवेअरची शेवटची मालिका ९.१६ आहे, आणि या मॉडेलचा कंपनीकडून मिळणारा आधार संपण्याची तारीख ३१ ऑगस्ट २०२६. त्यानंतर सापडलेल्या भोकाला ठिगळ मिळणार नाही.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. २५ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, सरकारी खात्यांना तातडीचा आदेश काढला. हल्लेखोर एएसए फायरवॉलमधल्या दोन त्रुटींमधून आत शिरत होते. काही जुन्या मॉडेलमध्ये तर ते यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्राममध्येच ठाण मांडत होते, म्हणजे रीस्टार्ट करा की सॉफ्टवेअर बदला, पाहुणा आतच. ज्या एएसए उपकरणांचा आधार ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत संपत होता, ती नेटवर्कमधून कायमची काढा, असे त्या आदेशात होते. पहारेकरीच फितूर झाला तर बाकीची कुलुपे कशाला?

त्यामुळे माझे मत असे: दुरुस्त केलेली जुनी फायरवॉल नियम बाहेर काढण्यासाठी, नवी येईपर्यंतचे काही दिवस ढकलण्यासाठी किंवा शिकणाऱ्या मुलांच्या प्रयोगशाळेत वापरावी. पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या दारावर वर्षानुवर्षे नाही. आणि तेच मॉडेल सेकंडहँड घेऊन बसवणार असाल, तर त्यातही तीच चिप असू शकते.

बंद पडलेल्या दिवशीचा पहिला तास

सर्वात मोठी चूक याच तासात होते. ‘काम थांबलंय’ म्हणून कोणीतरी इंटरनेट कंपनीच्या राउटरची वायर सरळ ऑफिसच्या स्विचमध्ये खुपसतो. नेट सुरू होते, सगळे खूश. मग बाहेरून सर्व्हरवर काम करता यावे म्हणून राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे दार उघडले जाते. ‘तात्पुरते’ म्हणून उघडलेले ते दार कोणाला आठवत नाही. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. त्यापेक्षा एका लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट द्या, अत्यावश्यक कामे त्यावर उरका आणि सर्व्हरला बाहेरचे वारे लागू देऊ नका.

नोंदींचेही भान हवे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. नोंदी फक्त फायरवॉलच्याच पोटात ठेवल्या असतील तर बोर्डासोबत त्याही गेल्या. त्या दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची सोय सिसलॉगने होते आणि त्याला वेगळा खर्च येत नाही.

शेवटी ते खोके भंगारात काढाल तेव्हा आतली साठवण आधी पुसा. ५५०६-एक्समध्ये एक छोटी एसएसडी असते आणि बोर्डवर वेगळी फ्लॅशही असते. दोन्हींकडे लक्ष द्या. यंत्र सुरूच होत नसेल तर एसएसडी काढून घ्या आणि बोर्डवरची फ्लॅश चिप फोडा. मग उरलेला बोर्ड नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. भंगारवाल्याला किलोवर विकलेल्या फायरवॉलमध्ये मेलेला असतो तो फक्त ठेका. तुमच्या व्हीपीएनच्या किल्ल्या तशाच शाबूत असतात, आणि दोन रुपयांचा रेझिस्टर लावून ती सुरू करणारा दुसराही कोणी असू शकतो.