जलसंजीवनीची हकिगत

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे सेक्रेटरीबाईंनी सांगितले तेव्हा मी गप्पच बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय लिहिणार! पण चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे.

लहान मुलाला हगवण लागली की त्याचे पाणी तोडायचे, अशी जुनी समजूत. माझ्या आजेसासूबाई म्हणत, "वरून घातलं की खालून जातं, मग घालायचं कशाला?" ऐकायला हे पटतेही. पण मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. टाळू खोल जाते, डोळे आत ओढतात, लघवी होत नाही, चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट होत नाही. दात येताहेत म्हणून पोट बिघडले असे म्हणून आपण दिवस घालवतो, ते मला मुळीच पसंत नाही.

पूर्वी यावर एकच उपाय, शिरेतून सलाईन. नुसते मिठाचे पाणी पाजले तर हगवणीत ते आतड्यात नीट शोषले जात नाही. पण त्यात योग्य प्रमाणात साखर घातली की साखरेबरोबर मीठ आत जाते आणि त्यामागून पाणी. डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी १९६८ साली ढाक्यात पटकीच्या रोग्यांवर हे सिद्ध केले. तरी पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास बसेना.

मग १९७१ साल आले. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित हिंदुस्थानात आले आणि सरहद्दीजवळच्या बनगावला पटकीची साथ पसरली. कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस तेथे गेले, तर रोगी जमिनीवर पडलेले. घाणीत गुडघे टेकून सलाईन लावावे लागे. सलाईन पुरेना. तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधवल्या. पिंपात पाणी कालवले आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. आया, बहिणी पेल्यापेल्याने पाजू लागल्या. जेथे शंभरातले वीस-तीस जात, तेथे त्या छावणीत चारांहूनही कमी गेले. डिग्री नसलेल्या बायकांच्या हातून हे झाले, याचे मला फार वाटते.

पुढची गोष्ट तर आपल्या मंडळासारखीच. बांगलादेशात फझले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' संस्थेने १९८० पासून बायका घरोघर पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी! महिन्याने तपासनीस जाऊन आईला विचारी, आणि तिच्या जितके लक्षात राहिले असेल त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. (आपल्याकडे व्याख्यात्यांना हा नियम लावला तर?) दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरी ही विद्या पोहोचली.

घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आसवांहून खारट लागले तर ओतून द्यावे, कारण जास्त मीठ बाळाला घातक आहे. दवाखान्यातली पुडी मिळाली तर तीच बरी. तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती सगळी घालावी, अर्धी नव्हे. कालवलेले पाणी एका दिवसानंतर वापरू नये. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत, म्हणून बायका निराश होऊन सोडतात. पण ते थांबवण्यासाठी नसतेच, गेलेले भरून काढण्यासाठी असते. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. शौचात रक्त दिसले, मूल पाणीही पिईनासे झाले किंवा मलूल पडले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

डॉ. महालनबीस २०२२ साली वारले; दुसऱ्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. २००४ पासून या पाण्याच्या जोडीला १० ते १४ दिवस झिंकची गोळीही द्यावी असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. पुड्या आणि गोळ्या दोन्ही आशाताईंकडे मिळतात, पैसे पडत नाहीत.