पात्यावरील नांव

मिटणाऱ्या चाकूचें पातें उघडून त्याच्या बुंध्याशीं पाहिलें, तर तेथें बहुधा करणाराचें नांव किंवा खूण आढळते. हीं चार अक्षरें दिसावयास क्षुल्लक. परंतु ज्या गांवानें चाकूंवर नांव मिळविलें त्या इंग्लंडांतील शेफील्डचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांच्यासाठीं कायदे करावे लागलेले दिसतात.

शेफील्डचा लोहार पातें घडवून झालें कीं तें तापलेलें असतांनाच त्यावर दोन खुणा ठोकी: एक नखानें पातें उघडण्याची खांच, दुसरी आपला छाप. छाप बसावयाचा तर पोलाद मऊ असतांनाच बसला पाहिजे. एकदां पाणी दिलें म्हणजे तें छापाला दाद देत नाहीं. अर्थात् पातें चांगलें उतरेल कीं तडकेल, हें कळण्यापूर्वींच करणारा त्यावर आपलें नांव घालून बसे. पुढील आग, पाणी आणि सहाण यांची परीक्षा पात्याबरोबर त्या नांवालाही द्यावी लागे.

इ. स. १६२४ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें शेफील्डच्या परिसरांतील म्हणजे हॅलमशायरमधील चाकू-कात्र्या करणारांची कंपनी स्थापन झाली. करणारांच्या खुणा नोंदून घेण्याचें काम तिच्याकडे आलें. तारा आणि माल्टाचा क्रूस एवढ्यावरून रॉजर्सचा चाकू निरक्षरासही ओळखतां येई.

तथापि ठोकलेली खूण ती खरीच, असें मानणें भाबडेपणाचें होईल. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत तयार झालेल्या मालावर ‘शेफील्ड’ असा छाप मारून तो विकला जातो, अशी शेफील्डकरांची मोठी तक्रार होती. अशा फसवणुकीस आळा घालण्यासाठीं १८८७ चा मालचिन्हांचा कायदा झाला. खोटा छापही तशाच हातोड्यानें, तशाच मऊ पोलादावर बसतो.

१९६० मध्यें अमेरिकेंत मेमन यांनीं पहिला लेझर चालवून दाखविला. आज अनेक कारखान्यांत त्याच जातीच्या यंत्रांनीं छापाची जागा घेतली आहे. पाणी देऊन, घासून सिद्ध झालेल्या पात्यावर प्रकाशाचा झोत फिरतो, पृष्ठभागाचा सूक्ष्म थर उडवितो किंवा काळवंडवितो, आणि नांव उमटतें. झिजणारा ठसा नाहीं, फुटकीं अक्षरें नाहींत. शंभर पात्यांवर शंभर नांवें हवीं असल्यास तींही मिळतात. बिघडलेलें पातें आधींच बाजूस काढून चांगल्यावरच नांव घालतां येतें, हाही लाभ लहान नव्हे. परंतु दुसऱ्यानें घडविलेलें तयार पातें विकत घेऊन त्यावर आपलें नांव घालणेंही यामुळें तितकेंच सोपें झालें. शिवाय खोल ठोकलेला छाप, पातें झिजून निम्मे झालें तरी, बुंध्याशीं वाचतां येतो. जुन्या चाकूंचा इतिहास पुष्कळसा या छापांवरूनच जुळविला जातो. प्रकाशानें उमटविलेली उथळ अक्षरें घासण्यांत लवकर पुसट होतात.

जुना ठसा आम्हांस प्रिय आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण १६२४ च्या कायद्याचें मर्म कोणती खूण कोणाची आणि मालाबद्दल जाब कोणी द्यावयाचा, हें ठरविण्यांत होतें. नांव ठोकलेलें असो वा जाळून उमटविलेलें असो, तो जाब देणारा कोणी मागें उभा नसेल, तर पात्यावरील अक्षरें केवळ शोभेचीं ठरतात.