नांदेडच्या उत्तर क्षितिजापलीकडचा उजेड

ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, महाराष्ट्रातून दिसल्याची सर्वांत ठळक नोंद 4 फेब्रुवारी 1872 ची, मुंबईतली आहे. त्या रविवारचा उजेड मुंबईच्या वर्तमानपत्रात बातमी म्हणून आला आणि एडनकडे जाणाऱ्या समुद्री तारेवरचे संदेशही बिघडले. कुलाबा साधारण 18 अंश 54 मिनिटांवर, नांदेड 19 अंश 9 मिनिटांवर, लातूर 18 अंश 24 मिनिटांवर. निजामाच्या राज्यातला हा मुलूख आणि इंग्रजांची मुंबई कारभाराच्या दृष्टीने कितीही दूर असली, तरी अक्षांशाच्या हिशेबात शेजारीच. मोठ्या सौरज्वालेची बातमी आली की नांदेड-लातूरचे हौशी आकाशनिरीक्षक उत्तरेकडे डोळे लावतात. त्यांच्या आशेला इतिहासात आधार शोधायचा तर या रात्रीपासूनच सुरुवात करावी लागते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली, ती मुख्यतः जहाजांना बिनचूक वेळ देण्यासाठी. चुंबकीय वेध 1841 पासून सुरू झाले. टांगलेला चुंबक किती वळला हे दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचे आणि वहीत आकडा टिपायचा, हे काम माणसे डोळ्यांनी करत. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्याच्या डागांजवळ पांढरी ज्वाला पाहिली. सतरा-साडेसतरा तासांत तिचा तडाखा पृथ्वीवर पोचला आणि कुलाब्याच्या वहीत क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ही जुनी नोंद नव्याने तपासून जगापुढे मांडली. ती घसरण मुंबईच्या घड्याळात दुपारच्या आधीची, भर उन्हातली होती. वादळ कितीही मोठे असो, आपल्याकडे दिवस असेल तर आकाशात दिसायला काहीच उरत नाही.

1872 च्या वादळात कुलाब्याच्या नोंदींवरून काढलेली घसरण आठशे नॅनोटेस्लांच्या वर जाते. आकडा 1859 पेक्षा लहान, पण या वेळी रात्र हाताशी होती.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकाचे वेध नासणार हे उघड होते, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. 1904 मध्ये अलिबागचे काम सुरू झाले, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे जुळवता यावेत म्हणून 1906 पर्यंत कुलाबाही चालू ठेवले. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे. त्या दगडात चुंबकत्व नाही, आणि बांधकामात लोखंडही टाळले. या दोन वर्षांच्या दुहेरी कामामुळेच मालिका तुटली नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या महाराष्ट्रातल्या इतिहासाचे खरे दप्तर हेच, हे आकाशप्रेमींना सहसा ठाऊक नसते.

प्रकाश मराठवाड्यात का पोचत नाही, याचे कारण भूगोलापेक्षा भूचुंबकत्वात आहे. पृथ्वीचा उत्तर चुंबकीय अक्ष अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे आणि चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे नांदेडचा चुंबकीय अक्षांश जेमतेम दहाच्या आसपास येतो, तर भौगोलिक अक्षांशाने नांदेडच्याच आसपास असलेल्या मेक्सिको शहराचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय सौरज्वाला भडकली म्हणजे प्रकाश येतोच असे नाही. ज्वालेचा उजेड आठ मिनिटांत पोचतो. खेळ ठरवतो तो मागून येणारा भारित कणांचा ढग. तो पृथ्वीच्या दिशेने सुटलेला हवा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले हवे.

10 मे 2024 चे वादळ त्या कसोटीवर उतरले होते. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास ते पृथ्वीवर आदळले, पण त्याचा कळस दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आसपास, म्हणजे सूर्योदयानंतर आला. तरीही लडाखमधल्या हानले येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत लाल उजेड टिपला. हा लाल रंग अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजन अणूंचा. हिरवा प्रकाश त्याहून बराच खाली, शंभर-दीडशे किलोमीटरवर पडतो, म्हणून दूरवरून तो आधी क्षितिजाखाली जातो.

नांदेड आणि हानले जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. चारशे किलोमीटर उंचीवरचा उजेड हानलेच्या माथ्यावर असता, तर नांदेडहून तो क्षितिजावर सात-साडेसात अंश दिसला असता. मे 2024 मध्ये तो हानलेलाच उत्तरेकडे खाली होता, म्हणजे नांदेडच्या क्षितिजाआड. उन्हाळ्यातली धूळ आणि शहरांचे दिवे ही अडचण त्यानंतरची.

तेव्हा नांदेड-लातूरच्या निरीक्षकांनी प्रत्येक वादळात जागण्यात फारसा अर्थ नाही. भारतात रात्र असताना घसरण सहाशे-आठशे नॅनोटेस्लांकडे निघाली आणि हानलेहून उजेड माथ्यावर आल्याची बातमी आली, तरच शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन, उत्तरेकडे उघडे शिवार शोधून कॅमेरा तिवईवर लावावा आणि पंधरा-वीस सेकंदांची छायाचित्रे घ्यावीत. तोवर या भागातून दिसलेल्या लालसर झाकेला ध्रुवीय प्रकाश म्हणण्याची घाई करू नये.