साताऱ्याच्या शाळेतील गोणपाट

शाळेत मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न दिसतो शिक्षकांचा. पण त्याचे उत्तर बहुधा राजकीय पक्षच देत असतात. अमेरिकेत २०२१ पासून रिपब्लिकन पक्षाची सत्ता असलेल्या अनेक राज्यांनी वर्णद्वेषाच्या अध्यापनावर मर्यादा घालणारे कायदे केले. गोऱ्या मुलांच्या मनात अपराधीपणाची भावना निर्माण होऊ नये, असे एक कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. दूरदेशीची ही वार्ता वाचून आपण हळहळतो. परंतु आपल्याकडेही हाच प्रश्न जातिभेदाच्या रूपाने दीडशे वर्षे उभा आहे, आणि त्याचा मोठा इतिहास सातारा जिल्ह्यात घडला आहे.

या दोन प्रश्नांचे नाते प्रथम ओळखले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. त्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील कटगुण. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी सरकारला बजावले, की महसूल रयतेच्या घामातून येतो, मात्र शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे असावे आणि शेतकरी वर्गातूनही शिक्षक तयार व्हावेत, ही त्यांची मागणी होती. शिकवणारा कोण, यावर काय शिकवले जाईल हे अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते.

त्यानंतर अठरा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव रामजी आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. वर्गात त्याला एका कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडावा तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर पाणीही नाही. डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वतःच हे लिहून ठेवले आहे, आणि त्यांचे ते लेखन अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी दिले जाते. साताऱ्याचा धडा न्यूयॉर्कमध्ये शिकवला जातो!

हा भेद मोडण्याचे काम राजकारणात प्रथम हाती घेतले ते ब्राह्मणेतर चळवळीच्या प्रतिनिधींनी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्य गणल्या गेलेल्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. ठराव कागदावर झाला. परंतु महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साल उजाडावे लागले, आणि तेही सत्याग्रह करून.

कागदावरचे ताटात उतरवले ते भाऊराव पाटील यांनी. पाटणच्या शेजारील कराड तालुक्यातील काले या गावी १९१९ साली सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह चालवले, त्यात नाना जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. समतेवर तेथे व्याख्यान देण्याची गरज नव्हती. भाकरीच तो विषय शिकवीत होती.

पण ही शिकवण सत्तेला नेहमीच रुचली असे नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, मुंबई राज्याच्या काँग्रेस सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून संत गाडगेबाबांना मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली करावी लागली. गांधीजींनी गौरविलेल्या संस्थेवर गांधीजींच्या पक्षाच्या राज्यातच ही वेळ यावी, यातच पक्ष आणि शिक्षण यांच्या नात्याचे मर्म आहे.

त्याच काँग्रेसने पुढे एक मोठे काम केले, आणि ते पाटणच्या सुपुत्राच्या हातून झाले. कोयनेच्या खोऱ्यातील या डोंगराळ तालुक्याचे नेते बाळासाहेब देसाई हे यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी देणारी ‘ईबीसी’ सवलत त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. खेडोपाडीच्या असंख्य मुलांना हायस्कूल आणि कॉलेजचे दार त्यामुळे उघडले. पाटण गावात आज बाळासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे, ते यथोचितच होय. मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. या सवलतीने गरिबी मोजली. जात मोजली नाही. फीचा प्रश्न तिने सोडवला. पण वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा आजा गोणपाटावर का बसत होता, हा प्रश्न फीमाफीने सुटणारा नव्हता. तो पाठ्यपुस्तकाने आणि शिक्षकाने सोडवायचा होता.

२७ जानेवारी १९६७ रोजी ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि पाठ्यपुस्तके शासनाच्या हाती आली. तेव्हापासून त्यांतील मजकूर हा राजकारणाचाही विषय झाला. शासनाच्या शिक्षण विभागाने १९८७ साली डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरण वगळावे म्हणून शिवसेनेने आंदोलन केले. दलित संघटनांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढून त्यास उत्तर दिले. अखेर प्रकरण राहिले, आणि त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीपही जोडली गेली. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतील एक श्लोक आल्याचे उघड झाले. विरोधी पक्षाचे आमदार जितेंद्र आव्हाड यांनी महाडला जाऊन निषेध केला. सत्तेतील छगन भुजबळ यांनीही विरोध दर्शविला. मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असे शासनाला सांगावे लागले.

हे योग्यच झाले. पण पुस्तकातून श्लोक काढणे म्हणजे धडा शिकवणे नव्हे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी का जाळली गेली, हे मुलाला कोण सांगणार? २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. शाळाप्रवेशाचा गौरव करणे कोणत्याही पक्षाला सोपे आहे, कारण गौरवाने कोणीच दुखावत नाही. त्या दिवशी प्रवेशाबरोबर गोणपाटही सांगितले, तरच तो दिवस सार्थकी लागेल. मुलांना अपराधी वाटेल ही भीती व्यर्थ आहे. भाऊरावांच्या पंगतीतल्या उच्चवर्णीय मुलांच्या वाट्याला अपराधीपणा आला नाही, सोबती आले.

आपण ख्रिस्ती लोक या इतिहासाच्या बाहेर उभे नाही. गोव्यातील कित्येक कॉन्फ्रारियांचे दरवाजे दीर्घकाळ जात पाहून उघडत असत. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे हे मान्य केले. एकाच भाकरीत सहभागी होणाऱ्यांनी तो मान्य करावा हे दुःखद, पण प्रांजळ आहे. आपल्या धर्मग्रामांच्या शाळांना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांना हा विषय शिकवण्यासाठी कोणत्याही पक्षाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. घरी जेवताना मुलाने विचारले, की त्या मुलाला वेगळे का बसवत होते, तर आईबापांनी विषय बदलू नये. साताऱ्यात हे घडले, माणसांनी घडवले, आणि माणसांनीच ते मोडले, एवढे खरे उत्तर त्याला मिळाले पाहिजे.