दोन कडू साली

ताप उतरला म्हणजे रोग गेला, असें मानण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. हिवतापाच्या बाबतींत या खोडीनें वैद्यकास किती काळ चकविलें, हें दोन झाडांच्या सालींच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

पहिली साल सिंकोनाची. दक्षिण अमेरिकेंतून ती सतराव्या शतकांत युरोपांत आली आणि हिवतापावरील रामबाण औषध ठरली. परंतु समुद्रापलीकडचा हा माल महाग पडे. पुढें इंग्लंडांत ऑक्सफर्ड परगण्यांतील एडवर्ड स्टोन या पाद्र्यानें विलोची साल सहज चाखून पाहिली, तों ती सिंकोनासारखीच कडू लागली. विलो हा आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचा वृक्ष. तो पाणथळ जागीं वाढतो, हिवतापही तेथेंच माजतो. तेव्हां रोगाशेजारींच त्याचा उपाय असावा, असा तर्क त्यानें बांधिला. भट्टीच्या उबेस सुकविलेल्या सालीचें चूर्ण त्यानें पांच वर्षांत सुमारें ५० रोग्यांस दिलें, व १७६३ सालीं हा अनुभव पत्रानें रॉयल सोसायटीस कळविला.

या पत्रांतील एक प्रांजळ कबुली आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. शरदांतील व चौथ्या दिवशीं उलटणाऱ्या कांहीं चिवट तापांस विलोची साल पुरी पडेना. तेव्हां त्यानें तींत पांचवा हिस्सा सिंकोना मिसळिला, आणि ताप हटला.

या मिश्रणांत खरें काम कोणीं केलें, हें कळण्यास शतकाहून अधिक काळ लोटला. १८२० सालीं पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं सिंकोनांतून क्विनाईन वेगळें केलें. १८२८ सालीं बुखनर यानें विलोंतून सॅलिसिन काढिलें. त्याच कुळांतील ॲस्पिरिन १८९९ सालीं बाजारांत आलें. दरम्यान १८८० सालीं लाव्हरां यास रोग्याच्या रक्तांत हिवतापाचे जंतु दिसले, आणि कोडें उलगडलें. क्विनाईन जंतु मारतें. सॅलिसिन केवळ ताप व अंगदुखी शमवितें. चव एक, गुण मात्र निराळे!

अशीं औषधें एकत्र घेणें निर्धोकही नव्हे. क्विनाईन अधिक झालें तर कानांत नाद घुमतो, ॲस्पिरिन अधिक झालें तरी तसेंच. मग बाधा कशाची, हें कसें ओळखावें? शिवाय ॲस्पिरिननें रक्त गोठण्यास अडथळा येतो, आणि हिवतापांत रक्तांतील बिंबिका बहुधा आधींच घटलेल्या असतात.

१९७२ सालीं चीनमध्यें थू यूयू यांच्या मंडळीनें आर्टेमिसिया या वनस्पतींतून आर्टेमिसिनिन मिळविलें. तेंही औषध मोजून घ्यावयाचें. त्या पाल्याच्या काढ्यांत तें किती उतरेल याचा नेम नसल्यानें जागतिक आरोग्य संघटना काढ्याची शिफारस करीत नाहीं.

स्टोनजवळ रक्त तपासण्याचें साधन नव्हतें; आपणांजवळ तें आहे. हिंव भरून ताप आला असतां रक्त न तपासतां काढा व वेदनाशामक गोळी यांवर दिवस काढणें, आणि अंग थंड लागतांच निश्चिंत होणें, हें मात्र स्टोनच्याही मागें जाणें होय.