ओझे कुणी ओढायचे? थळ घाटाच्या चढाची गोष्ट

मोटार शर्यतीत भाग घेणारे लोक आपली शर्यतीची गाडी सहसा गावोगाव चालवत नेत नाहीत. ती ट्रेलरवर चढवतात आणि ट्रेलर दुसऱ्या एखाद्या दणकट गाडीमागे जोडतात. ही ओढणारी गाडी कशी निवडायची? बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'इंजिन किती अश्वशक्तीचे आहे?' पण अनुभवी माणूस आधी तीन वेगळेच प्रश्न विचारतो. ओढणारी गाडी ओझ्याच्या मानाने पुरेशी जड आहे का? दोघांमधला सांधा किती ताण सोसेल? आणि उतारावर हे सगळे थांबवणार कोण?

हेच तीन प्रश्न नाशिक जिल्ह्याच्या उंबरठ्यावर, कसारा आणि इगतपुरी यांच्यामधल्या थळ घाटात, दीडशेहून अधिक वर्षे विचारले जात आहेत. फरक एवढाच, की तिथले ओझे दीड-दोन टनांचे नसून हजारो टनांचे असते.

घाट आणि त्याचा चढ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या अभियंत्यांना ठाऊक होते, की खरी परीक्षा सह्याद्रीत आहे. पुण्याच्या वाटेवर बोरघाट होता, नाशिकच्या वाटेवर थळ घाट. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली दोन्ही घाटांचे काम चालले. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, थळ घाटातील १ जानेवारी १८६५ रोजी. तो पाहायला बर्कले मात्र हयात नव्हते. १८६२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

थळ घाटात सुमारे १५ किलोमीटर अंतरात लोहमार्ग जवळजवळ ३०० मीटर वर चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आपल्याला हा चढ किरकोळ वाटेल. मोटारी याहून कितीतरी तीव्र चढ सहज चढतात. मग आगगाडीलाच तो एवढा जड का जावा?

गुळगुळीतपणाची किंमत

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा विरोध फारच कमी होतो. सपाटीवर एक टन वजनाचा डबा सावकाश ओढत ठेवायला दोन-तीन किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळेच. पण ३७ला १ चढावर त्याच एक टनासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोग्रॅमचा जोर जास्त लावावा लागतो. सपाटीवर ३ आणि घाटात ३०! ओझे तेच, पण जोर दसपट.

दुसरी अडचण याच गुळगुळीतपणातून येते. इंजिनाची चाके रुळाला धरून पुढे ढकलतात ती घर्षणाच्या आधारावर. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या चालक चाकांवरील वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका जोर लावू शकते. त्याहून जास्त लावू पाहिला, तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात. मग अश्वशक्ती कितीही असो, तिचा उपयोग नाही. गाडी किती वेगाने चढेल हे शक्ती ठरवते, पण ती मुळात चढेल की नाही हे पकड ठरवते.

आता हिशेब करू या. प्रत्येकी ५० टनांचे २४ डबे म्हणजे १२०० टन. त्यांच्यापुढे १२० टनांचे एक इंजिन. एकूण १३२० टनांना दर टनी ३० किलोग्रॅम या दराने सुमारे ४० टनांचा जोर हवा. इंजिनाची पकड मात्र १२० टनांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ३० टन. गाडी चढणार नाही. दुसरे तेवढेच इंजिन जोडले, तर लागणारा जोर ४३ टन आणि मिळणारी पकड ६० टन. गाडी चढेल. पण पावसात रूळ भिजून पकड वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आली, तर दोन इंजिनांचीही पकड ४० टनच उरते. इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिसरे इंजिन कशाला लागते आणि इंजिने चाकांपुढे वाळू का सोडतात, हे सांगायला नको.

जगातही हाच प्रश्न

ऑस्ट्रियात सेमरिंगच्या डोंगरातून लोहमार्ग बांधताना असाच पेच पडला होता. तिथे १८५१ मध्ये इंजिनांची चक्क स्पर्धाच घेतली गेली. चार इंजिने उतरली. 'बव्हेरिया' नावाचे इंजिन पहिले आले, पण रोजच्या कामाला त्यांतले एकही पुरते योग्य ठरले नाही. पुढे विल्हेल्म एंगर्थ यांनी पाणी व कोळसा वाहणाऱ्या टेंडरचे काही वजन इंजिनावरच येईल अशी रचना केली. ओझे म्हणून मागे ओढले जाणारे वजन पकडीच्या कामी लावण्याची ही युक्ती होती. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या घाटात १८६७ मध्ये वेगळी वाट निवडली गेली. तिथे चढ फारच तीव्र असल्याने डोंगरावर स्थिर इंजिने बसवून दोरांनी डबे ओढले जात.

आपल्या घाटांसाठी बांधलेल्या इंजिनांत पाण्याची टाकी बॉयलरवरच खोगिरासारखी बसवलेली असे. त्यामुळे पाण्याचे वजन चालक चाकांवर पडे. तत्त्व एंगर्थ यांचेच होते.

सांधा आणि मागचा रेटा

जास्तीची इंजिने पुढेच का जोडत नाहीत? कारण सगळी इंजिने पुढे असली, तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येतो आणि ते तुटू शकते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला इंजिने जोडतात. रेल्वेतील लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचे ओढते, मागचे रेटतात आणि मधल्या सांध्यांवरचा ताण विभागला जातो. शिवाय चढावर एखादे कपलिंग तुटलेच, तर सुटलेले डबे मागे घरंगळू नयेत म्हणून खाली इंजिन उभेच असते. इगतपुरीला पोचल्यावर बँकर सोडवतात.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड

१२०० टनांची गाडी ३०० मीटर खाली येते तेव्हा जवळजवळ साडेतीन अब्ज ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत हे सुमारे १००० युनिट झाले. दरमहा १०० युनिट वीज वापरणाऱ्या दहा घरांची ही महिन्याची वीज. ब्रेकने ती सगळी उष्णता करून टाकायची, तीही अर्ध्याएक तासात. ब्रेक तापून निकामी झाले तर काय होते, हे १८६९ मध्ये बोरघाटात दिसले. उतारावर अनावर झालेली गाडी तिथे मार्गाच्या टोकाबाहेर जाऊन कोसळली.

म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' ठेवलेल्या असतात. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा हा आखूड फाटा. सांधे एरवी त्या फाट्याकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी ताब्यात असल्याची खात्री पटली, तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. अनावर गाडी फाट्यावर चढते आणि तिची गतिज ऊर्जा चढण्यातच खर्ची पडते.

१९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि १९२८ पासून घाटांसाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथुर येथील कारखान्यात बांधलेली विजेची इंजिने येऊ लागली. या इंजिनांना चालक मंडळी 'खेकडा' म्हणत. सगळ्या सहा आसांना गती असल्याने त्यांचे पूर्ण वजन पकडीच्या कामी येई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतारावर त्यांच्या मोटारी जनित्र बनत आणि तारेत वीज परत पाठवत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावू लागली!

ओढणारा कोण, ओढले जाणारे कोण?

२०१९ मध्ये मुंबई–दिल्ली राजधानी एक्सप्रेसला पुढे एक आणि मागे एक अशी इंजिने कायमची जोडून घाटातून नेण्यास सुरुवात झाली. कसाऱ्याला बँकर लावण्यात जाणारा वेळ वाचला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत एक्सप्रेस तर वेगळ्या इंजिनाशिवायच घाट चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत, म्हणजे प्रवाशांचेही वजन पकडीला मदत करते. एंगर्थ यांनी टेंडरपासून सुरू केलेला विचार इथे जवळजवळ पूर्णत्वाला गेला. मालगाड्यांना मात्र बँकर अजून लागतातच, कारण कोळशाच्या प्रत्येक वाघिणीला मोटार बसवणे परवडणारे नाही.

वर्गात करून पाहा

१. ७४ सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. एका टोकाखाली २ सेंटिमीटर जाडीची वही ठेवा. हाच ३७ला १ चढ. सुटी चाके असलेली खेळण्यातली मोटार वरून सोडा. डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसणाऱ्या फळीवरून ती खाली येते का?

२. सेलवर चालणाऱ्या मोटारीमागे दोऱ्याने खोके बांधा. चाके जागीच फिरू लागेपर्यंत खोक्यात खडे टाका. आता त्यांतले काही खडे काढून मोटारीच्या टपावर ठेवा. एकूण वजन तेच, मग काय बदलले?

३. शर्यतीच्या गाडीच्या ट्रेलरलाही स्वतःचे ब्रेक का असावेत, हे विद्यार्थ्यांना थळ घाटाच्या आधारे समजावून सांगायला लावा. ज्याला ते नीट सांगता आले, त्याला अश्वशक्ती आणि पकड यांतला फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.